नोंदीचं आयुष्य, ॲपचं आयुष्य

29 जून 2020 रोजी केंद्र सरकारने 59 चिनी ॲप्सवर बंदी घातली. वर्तमानपत्रांत गाजलं ते टिकटॉक, पण कचेऱ्या, महाविद्यालयं आणि घरून काम करणाऱ्यांची खरी पंचाईत झाली ती कॅमस्कॅनरमुळे. टाळेबंदीचे दिवस होते. गुणपत्रिका, सातबारा, भाडेकरार, आधार कार्डाच्या दोन्ही बाजू असं सगळंच पीडीएफ करून पाठवावं लागत होतं आणि ‘स्कॅन करून पाठवा’ म्हणजे ‘कॅमस्कॅनरवरून पाठवा’ असंच पुष्कळांनी धरून ठेवलं होतं. बंदी आल्यावर ॲप स्टोअरमधून गेलं आणि इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांनाही त्याची वाट अडवायला सांगण्यात आलं. ज्यांनी आपल्या पीडीएफ वेळच्या वेळी फोनमध्ये किंवा मेलवर उतरवून घेतल्या होत्या, त्यांचं काही बिघडलं नाही. ज्यांचे कागद फक्त त्या ॲपच्या खात्यात होते, त्यांना मात्र धावाधाव करावी लागली.

त्याच्या आदल्या वर्षी, ऑगस्ट 2019मध्ये, याच ॲपबद्दल आणखी एक गोष्ट उघड झाली होती. कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीच्या तज्ज्ञांना त्याच्या अँड्रॉइड आवृत्तीत, जाहिराती दाखवण्यासाठी जोडलेल्या एका तयार घटकात, घातक कोड सापडला. गुगलने ॲप काही काळ काढून टाकलं, ते दुरुस्त होऊन परत आलं आणि लोक पुन्हा वापरायला लागले. ॲप बनवणाऱ्यांनी स्वतः काही वाईट केलं असेल असं नाही. पण फुकट ॲपला जाहिराती लागतात, जाहिरातींसाठी तिसऱ्याच कुणाचा तरी कोड आत घ्यावा लागतो आणि तो कोड तुमच्या आधार कार्डाच्या शेजारी येऊन बसतो.

या सगळ्यात लक्षात ठेवण्यासारखी बाब ही, की तेव्हा बहुतेक अँड्रॉइड फोनांमध्ये गुगल ड्राइव्ह आधीच होतं आणि त्यात कागद स्कॅन करून पीडीएफ करण्याची सोय होती. आयफोनच्या नोट्स ॲपमध्ये ती 2017मध्ये आली होती. काखेत कळसा होता, आणि बहुतेकांना त्याचा पत्ता नव्हता.

एवढं वाचून ‘फोनसोबत आलेलं तेच वापरावं’ असा निष्कर्ष काढला, तर तो घाईचा होईल. कॅमस्कॅनर लोकप्रिय झालं, त्याला कारण होतं. कागदाच्या कडा ओळखून तो सरळ करणं, वरची सावली पुसणं, पाच पानं एका फाइलीत बांधणं ही कामं ते सोप्या रीतीने करत होतं आणि बराच काळ फोनचा मूळ कॅमेरा यातलं काहीच करत नव्हता. गरज आधी बाहेरच्याने ओळखली, फोन बनवणाऱ्यांनी ती नंतर उचलली. हे चक्र फार जुनं आहे. 2002मध्ये ॲपलने आपल्या संगणकांवर शेरलॉक नावाच्या शोध ॲपची तिसरी आवृत्ती आणली आणि ती जे करत होती ते जवळपास सगळं वॉटसन हे एका छोट्या कंपनीचं विकतचं ॲप आधीपासून करत होतं. त्या घटनेनंतर, मोठ्या कंपनीने छोट्याची कल्पना आपल्या यंत्रणेत फुकट घालणं याला संगणकाच्या जगात ‘शेरलॉक करणं’ असंच म्हणू लागले. रात्री पडद्याचा निळा प्रकाश कमी करण्याची सोय आधी एफ.लक्स या ॲपने दिली, आयफोनमध्ये ती 2016मध्ये आली. म्हणजे बाहेरची ॲप्स पुढे असतात आणि फोनसोबतची मागून येतात, पण येतात. एखाद्या सोयीसाठी बाहेरचं ॲप घेतलं असेल, तर दोन वर्षांनी ती सोय फोनमध्येच आली आहे का, हे पाहणं फायद्याचं असतं.

मग निवड कशावर करायची? वैशिष्ट्यांच्या याद्या समोरासमोर ठेवून हा प्रश्न सुटत नाही, कारण त्या याद्या दर सहा महिन्यांनी बदलतात. माझ्या मते आधी विचारायला हवं ते हे: मी इथे जे लिहून ठेवणार आहे, त्याचं आयुष्य किती? भाजीची यादी संध्याकाळपर्यंत जगते. ‘गुरुवारी गॅसचा नंबर लावणे’ हे चार दिवस जगतं. आईला कोणत्या औषधाची रिॲक्शन येते, घराच्या वायरिंगचा नकाशा, मुलीच्या लसीकरणाच्या तारखा, सोसायटीच्या सभेत काय ठरलं, या नोंदी वीस वीस वर्षं लागतात. ॲपचं सरासरी आयुष्य तेवढं नसतं, आणि फोनचं तर मुळीच नसतं. ज्या नोंदीचं आयुष्य ॲपपेक्षा कमी, तिच्यासाठी हाताला येईल ते ॲप घ्यावं, फार डोकं चालवू नये. ज्या नोंदीचं आयुष्य ॲपपेक्षा जास्त, तिच्यासाठी मात्र ती तिथून बाहेर कशी काढायची हे आत टाकण्यापूर्वीच बघून ठेवायला हवं.

त्याआधी एक गोंधळ दूर करायला हवा. ‘फोनसोबत आलेलं’ असं आपण म्हणतो तेव्हा अँड्रॉइड फोनवर त्यात दोन वेगळ्या घरची ॲप्स असतात. एक गुगलची आणि दुसरी फोन बनवणाऱ्या कंपनीची. सॅमसंगच्या फोनवर अनेकदा दोन कॅलेंडर असतात, दोन ब्राउझर असतात, फोटो बघायला दोन ॲप्स असतात आणि लिहायला सॅमसंग नोट्स आणि गुगलचं कीप. शाओमी, वनप्लस यांच्याही स्वतःच्या नोट्स आहेत. दिसायला सगळी सारखीच घरची वाटतात, पण फोन बदलायच्या दिवशी फरक कळतो. आपल्याकडे माणूस आज सॅमसंग, तीन वर्षांनी विवो, मग वनप्लस असा सहज फिरतो. दिवाळीच्या ऑफरमध्ये जे स्वस्त मिळेल ते घेतो. गुगल कीपमधल्या नोंदी नव्या फोनवर ईमेल टाकताच हजर होतात. सॅमसंग नोट्स हे ॲप मात्र दुसऱ्या कंपनीच्या फोनवर मिळतच नाही. त्यातल्या नोंदी पीडीएफ, वर्ड किंवा साध्या मजकुराच्या रूपात बाहेर काढता येतात, पण ते काम जुना फोन एक्स्चेंजमध्ये देण्याच्या आधी करावं लागतं, आणि दुकानात उभं राहून ते कुणालाच सुचत नाही. संपर्क क्रमांकांचंही तेच. नवा नंबर साठवताना वर बारीक अक्षरात ‘फोन’, ‘सिम’ की ‘गुगल खातं’ असं विचारलेलं असतं. तिथे ‘फोन’ निवडलेलं असेल, तर तो नंबर त्या यंत्रापुरताच राहतो. सांगण्यासारखी दुसरी कुठलीही युक्ती नसेल, तरी एवढी एक घरातल्या प्रत्येकाच्या फोनवर आज तपासावी.

फोनसोबत काय यावं हेही फक्त उपयुक्ततेवर ठरत नाही, त्यामागे करार असतात. 20 ऑक्टोबर 2022 रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने अँड्रॉइडच्या प्रकरणात गुगलला 1,337.76 कोटी रुपयांचा दंड केला. फोन बनवणाऱ्यांना गुगलच्या ॲप्सचा अख्खा संच घालायला भाग पाडलं जातं, हा त्यातला एक प्रमुख मुद्दा होता. पुढच्या वर्षी अपील न्यायाधिकरणानेही दंड कायम ठेवला, आणि जानेवारी 2023मध्ये गुगलने भारतातल्या उत्पादकांना ॲप्स सुटी निवडण्याची मुभा जाहीर केली. तेव्हा एखादं ॲप फोनमध्ये आधीपासून आहे, याचा अर्थ ते कुणीतरी आपल्या भल्यासाठी पारखून ठेवलं आहे, असा घेऊ नये.

तरीही एका कामात फोनसोबतच्या ॲपला तोड नाही, आणि ते काम म्हणजे वेळेवर वाजणं. हे जरा जवळून पाहू.

समजा, वडिलांच्या रक्तदाबाच्या गोळीसाठी तुम्ही स्टोअरमधून औषधांची आठवण देणारं एक सुंदर ॲप घेतलं. त्यात गोळीचं चित्र आहे, घेतली की खूण करता येते, महिन्याचा तक्ता निघतो. पहिले दोन दिवस ते बरोबर आठला वाजतं. तिसऱ्या दिवशी वाजत नाही. कारण ॲपमध्ये नसतं, फोनमध्ये असतं. बॅटरी वाचवण्यासाठी अँड्रॉइड 2015पासून, म्हणजे सहाव्या आवृत्तीपासून, बाजूला पडलेल्या फोनवरच्या ॲप्सना झोपवू लागलं, आणि बऱ्याच उत्पादकांनी त्यावर आपले आणखी कडक नियम चढवले. एखादं ॲप उघडून काही काळ झाला की ते पूर्ण बंद केलं जातं. स्वतःहून सुरू होण्याची परवानगी, जिला सेटिंगमध्ये ‘ऑटोस्टार्ट’ म्हणतात, त्याला मिळालेलीच नसते. शिवाय अँड्रॉइड 12मध्ये, म्हणजे 2021मध्ये, ठरल्या मिनिटाला वाजण्यासाठी वेगळी परवानगी आली आणि 2023च्या अँड्रॉइड 14पासून नव्याने घेतलेल्या अनेक ॲप्सना ती आपोआप मिळत नाही. सेटिंगमध्ये जाऊन बॅटरीचे निर्बंध काढायचे, ऑटोस्टार्ट चालू करायचा, अलार्मची परवानगी द्यायची, अशी तीन ठिकाणं फिरल्यावर ते ॲप विश्वासाने वाजू लागतं. एखाद्या अपडेटनंतर यातलं काही परत मूळपदावर गेलं, तर तेही आपल्यालाच बघावं लागतं. फोनसोबतच्या घड्याळाला हे काहीच करावं लागत नाही. उत्पादक आपल्याच घड्याळाला झोपवत नाही.

आयफोनवर वेगळ्या वाटेने तेच होतं. फोन सायलेंटवर असला तरी घड्याळाचा गजर वाजतो. बाहेरच्या ॲप्सना मात्र साधी सूचना पाठवण्यापलीकडे फारसं करता येत नव्हतं. 2025मध्ये आयओएस 26 आल्यावर ॲपलने त्यांच्यासाठी खऱ्या गजराची वाट मोकळी केली.

म्हणून पहाटेची गाडी, इन्शुलिन, परीक्षेची वेळ यांसाठी फोनसोबतचं घड्याळच वापरावं. सुंदर ॲपमधला तक्ता हवा असेल तर तो जरूर ठेवावा, पण वाजण्याची जबाबदारी घड्याळाकडे द्यावी. दोन ॲप्सनी मिळून एक काम केलं तर त्यात काही कमीपणा नाही.

आता दीर्घायुषी नोंदींकडे येऊ. इथे एव्हरनोट या नोंदींच्या ॲपची कहाणी सांगायलाच हवी, कारण बाहेरचं ॲप किती चांगलं असू शकतं आणि तरी काय होऊ शकतं, हे तिच्याइतकं स्पष्ट दुसऱ्या कुठल्या कहाणीने दाखवलेलं नाही. 2008मध्ये ते सर्वांसाठी खुलं झालं. हिरवा हत्ती हे त्याचं बोधचिन्ह. काहीही टाका, आम्ही लक्षात ठेवू, असं त्याचं वचन होतं आणि ते बराच काळ पाळलं गेलं. छायाचित्रातली अक्षरं शोधणं, वेबपानं कापून ठेवणं, फोन आणि संगणकावर एकच वही असणं, हे सगळं त्याने लोकांच्या अंगवळणी पाडलं. त्याचे प्रमुख फिल लिबिन शंभर वर्षं टिकणारी कंपनी उभारायची भाषा करत. लोकांनी त्यावर विश्वास ठेवून संशोधनाची टिपणं, पाककृती, घरच्या आजारपणांच्या नोंदी असं दहा-बारा वर्षांचं आयुष्य त्यात भरलं. 2016मध्ये फुकट खात्यावर दोन उपकरणांची मर्यादा आली. नोव्हेंबर 2022मध्ये इटलीतल्या मिलानच्या बेंडिंग स्पून्स या कंपनीने एव्हरनोट विकत घेत असल्याचं जाहीर झालं. पुढच्या वर्षी बहुतेक जुना कर्मचारीवर्ग गेला आणि डिसेंबर 2023मध्ये फुकट खातं 50 नोंदी आणि एक वही इतकं आखडलं.

त्यातली एक गोष्ट मात्र मी नेहमी आवर्जून सांगतो. 50च्या वर असलेल्या जुन्या नोंदी कुणी अडकवून ठेवल्या नाहीत. त्या बघता येत होत्या, बाहेरही काढता येत होत्या. एव्हरनोटने आपला मजकूर बाहेर देण्यासाठी एनेक्स नावाचा फाइलप्रकार पूर्वीपासून ठेवला होता आणि इतर अनेक ॲप्स तो वाचू शकत होती. ॲपलच्या नोट्सही तो वाचतात. त्यामुळे हजारो नोंदी असलेले लोकही एका सुट्टीच्या दिवसात दुसरीकडे राहायला जाऊ शकले. किंमत वाढणं, मालक बदलणं, ॲप बिघडणं हे आपल्या हातात नसतं. दार आहे की नाही, हे मात्र पहिल्या दिवशीच बघता येतं.

बाहेरच्या ॲपला आणखी एक धोका असतो, तो त्याच्या यशातूनच येतो. बर्लिनमध्ये तयार झालेलं वंडरलिस्ट हे कामांच्या यादीचं ॲप इतकं आवडतं झालं, की 2015मध्ये मायक्रोसॉफ्टने ती कंपनीच विकत घेतली. मग त्याच धर्तीवर मायक्रोसॉफ्टने स्वतःचं टू डू काढलं आणि 6 मे 2020 रोजी वंडरलिस्ट बंद झालं. मूळ संस्थापक ख्रिश्चन रेबर यांनी ते परत विकत घ्यायची तयारी जाहीरपणे दाखवली होती. तसं झालं नाही. सनराइज हे कॅलेंडरही मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी घेतलं आणि 2016मध्ये बंद केलं. मेलबॉक्स हे ईमेल ॲप ड्रॉपबॉक्सने 2013मध्ये घेतलं, तेही 2016मध्ये संपलं. छोटं ॲप अपयशी ठरलं तर बंद पडतं, यशस्वी ठरलं तर विकलं जातं. दोन्ही वेळा आपल्याला सामान हलवावं लागतं.

फोनसोबत किंवा संगणकासोबत आलेलं, किंवा मोठ्या कंपनीचं ॲप तरी कायमचं असतं का? विंडोज 95पासून प्रत्येक संगणकात असलेलं वर्डपॅड 2024मध्ये विंडोज 11मधून काढून टाकलं गेलं. विंडोजचं मेल आणि कॅलेंडर 31 डिसेंबर 2024 रोजी बंद झालं. गुगलचं इनबॉक्स हे ईमेल ॲप, ज्यावर अनेकांचा जीव होता, 2019मध्ये गेलं. कागद स्कॅन करणारं मायक्रोसॉफ्ट लेन्स बंद करण्याची घोषणा 2025मध्ये झाली. याच्या उलट, कीप मार्च 2013मध्ये आलं ते गुगलने बातम्या आणि ब्लॉग वाचायचं आपलं लोकप्रिय रीडर बंद करणार असल्याचं जाहीर केल्यानंतर आठवड्याभरात, आणि हेही फार दिवस चालणार नाही असं पुष्कळांना वाटलं होतं. ते अजून चालू आहे. कोण टिकेल याचा अंदाज भल्याभल्यांना येत नाही, म्हणून त्या अंदाजावर आपली कागदपत्रं टांगून ठेवू नयेत.

मराठी वाचकाला हे समजायला परदेशी उदाहरणांची गरजही नाही. श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचं आयएसएम यांच्या साहाय्याने आपल्याकडे वर्षानुवर्षं पुस्तकं, दिवाळी अंक, निमंत्रणपत्रिका आणि प्रबंध टाइप झाले. ही साधनं नसती तर संगणकावर मराठी आली असती की नाही याची शंका आहे, इतकं त्यांचं ऋण आहे. त्या काळी सर्वांना चालेल असा युनिकोडचा आधार संगणकात नव्हता, विंडोजमध्ये देवनागरीसाठी तो 2000च्या सुमारास आला. पण त्या फाइलींमध्ये देवनागरी अक्षरं साठवलेली नव्हती. साठवलेली होती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची जागा, आणि फाँट ती जागा देवनागरी रूपात दाखवत असे. फाँट नसलेल्या संगणकावर तीच फाइल उघडली की पानभर चित्रविचित्र चिन्हं. कितीतरी प्रकाशकांची, संस्थांची जुनी हस्तलिखितं आज अशी पडून आहेत. सीडी शाबूत आहे, फाइल शाबूत आहे, पण रूपांतर केल्याशिवाय एक ओळ वाचता येत नाही. वस्तू आपल्याकडे असणं आणि ती वाचता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आजच्या नोट्स ॲप्सनाही हेच लागू होतं.

म्हणून कुठलंही नवं ॲप घेताना मी सुचवतो ती परीक्षा अशी. त्यात दहा खऱ्या नोंदी टाका. एक लांब, एक फोटो असलेली, एक खुणा करायच्या यादीची, एक मराठी-इंग्रजी मिसळलेली. मग ‘एक्स्पोर्ट’ शोधा, सगळं बाहेर काढा आणि ती फाइल दुसऱ्या कुणाच्या संगणकावर, ते ॲप नसताना, उघडा. मराठी नीट दिसते का? फोटो सोबत आले का? नोंद कधी लिहिली ती तारीख आली, की सगळ्यांवर आजची तारीख पडली? सगळं एकदम निघालं, की एकेक नोंद उघडून काढावी लागली? कीपमधून गुगल टेकआउटच्या मार्गाने सगळं एका दमात निघतं. ॲपलच्या नोट्समधून बराच काळ एकेक नोंद पीडीएफ करूनच काढावी लागे. मार्कडाउन या साध्या मजकुराच्या प्रकारात देण्याची सोय 2025मध्ये आली. 2020मध्ये आलेलं ऑब्सिडियन या बाबतीत सर्वांत निर्धास्त, कारण त्यातली प्रत्येक नोंद मुळातच तुमच्या डिस्कवरची एक साधी मजकुराची फाइल असते. ॲप उद्या काढून टाकलं तरी फाइल जागेवर. त्याची किंमत म्हणजे मांडामांड स्वतः करावी लागते, आणि ती सर्वांना झेपत नाही. घरातल्या ज्येष्ठांना मी ते कधीच सुचवणार नाही.

कॅलेंडर आणि संपर्क यांची चिंता त्या मानाने कमी. कॅलेंडरच्या नोंदी देण्याघेण्याचं खुलं मानक 1998मध्येच ठरलं आणि जवळपास सगळी कॅलेंडर ते पाळतात. संपर्कांसाठीही तसं मानक आहे. कामांच्या यादीची सोय त्याच कॅलेंडरच्या मानकात केलेली आहे, पण लोकप्रिय ॲप्सनी ती फारशी स्वीकारली नाही. सुदैवाने कामांचं आयुष्यच कमी असतं, त्यामुळे तिथे अडकून पडलं तरी फारसं नुकसान होत नाही.

आणखी एक परीक्षा आहे, जी इंग्रजीतल्या कुठल्याही परीक्षणात सापडणार नाही: मराठीत शोधून पाहणं. ‘पाण्याचं बिल भरलं’ अशी नोंद केलेली असेल आणि तुम्ही ‘पाणी’ असं शोधलंत, तर बहुतेक ॲप्सना ती सापडत नाही, कारण विभक्ती लागली की शब्दाचं रूपच बदलतं आणि ॲप अक्षरं जुळवून पाहतं, व्याकरण पाहत नाही. ‘पाण’ एवढंच टाकलं तर काही ॲप्समध्ये सापडतं. काही अख्खा शब्द जुळल्याशिवाय दाद देत नाहीत. ‘ॲ’ हे अक्षर आणखी फसवं. युनिकोडमध्ये ते एक स्वतंत्र अक्षर म्हणून आहे आणि ‘अ’वर अर्धचंद्र देऊनही तसंच दिसणारं लिहिता येतं. डोळ्यांना दोन्ही सारखीच, यंत्राला दोन वेगळी. एका कळफलकाने टाइप केलेला ‘ॲडमिशन’ दुसऱ्या कळफलकावरून शोधताना हाती लागत नाही तो यामुळे. ज्याच्या नोंदी मराठीत आहेत, त्याने शोधाची ही तपासणी केल्याशिवाय कुठल्याही ॲपला पैसे देऊ नयेत.

बाहेरचं ॲप कधी घ्यावं, याचं उत्तर मला एका वाक्यात मागितलं तर मी म्हणेन, रोजचं घोडं नेमकं कुठे अडतं हे तुम्हाला बोट ठेवून दाखवता आलं, की घ्यावं. संकष्टीचा उपास करणाऱ्या घरात चंद्रोदयाची वेळ लागते, तीही आपल्या गावची. नाशिकची वेगळी, नागपूरची वेगळी. साध्या कॅलेंडरकडून ती मिळण्याची अपेक्षा धरण्यात अर्थ नाही, 1973पासून भिंतीवर असलेल्या कालनिर्णयचं ॲप ठेवण्यात आहे. घरात एकाचा आयफोन, दुसऱ्याचा अँड्रॉइड आणि कामाचा लॅपटॉप विंडोजचा असेल, तर ॲपलच्या नोट्स घरभर पुरणार नाहीत. अँड्रॉइडसाठी त्यांचं ॲपच नाही. तिथे कीप किंवा चेन्नईच्या झोहोचं नोटबुक यांसारखं सगळीकडे चालणारं ॲप बरं. पासवर्डचंही तसंच. एकाच कंपनीची सगळी यंत्रं असतील तर तिचीच तिजोरी पुरते, मिश्र घर असेल तर बिटवॉर्डनसारखी खुल्या स्रोताची. एखाद्या ॲपमुळे रोजचा खरा त्रास वाचत असेल आणि ते वर्षाला पैसे मागत असेल, तर ते आनंदाने द्यावेत. पैसे घेणाऱ्या छोट्या कंपनीचं पोट कशावर चालतं हे आपल्याला माहीत असतं, आणि ते माहीत असणं ही सुरक्षिततेची मोठी बाजू आहे.

‘सगळे वापरतात म्हणून’ किंवा ‘नवं काहीतरी शिस्त लावेल म्हणून’ ही कारणं मात्र टिकत नाहीत. नवी मांडणी करण्यात दोन रविवार जातात, रंगीत लेबलं लागतात, कामं केल्याचं समाधान मिळतं आणि कामं तशीच राहतात.

दुसऱ्यांच्या वतीने ठेवलेल्या नोंदींचा विचार वेगळा करायला हवा. सोसायटीचे सचिव, भिशीचा हिशेब ठेवणाऱ्या ताई, गणेशोत्सव मंडळाचे खजिनदार यांच्या फोनमधल्या नोंदी त्यांच्या एकट्याच्या नसतात. पद बदललं की त्या पुढच्या माणसाकडे जायला हव्यात. त्या स्वतःच्या खात्यातल्या, स्वतःच्या आवडीच्या ॲपमध्ये असतील तर हस्तांतराच्या वेळी दोघांचीही कुचंबणा होते. अशा कामासाठी संस्थेच्या नावाचं वेगळं ईमेल खातं उघडावं आणि त्यातलंच साधं शीट, साधं कॅलेंडर वापरावं. इथे बाहेरच्या देखण्या ॲपचा मोह आवरलेलाच बरा. पुढच्या सचिवांना ते येईलच असं नाही.

आणि दीर्घायुषी नोंदींच्या बाबतीत, आपण नसताना त्या कुणाला मिळणार हेही ठरवून ठेवावं लागतं. गुगलमध्ये दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकण्याचं धोरण डिसेंबर 2023पासून लागू झालं आहे. मात्र त्याच खात्याच्या सेटिंगमध्ये, आपण ठरावीक महिने फिरकलो नाही तर कोणत्या विश्वासू माणसाला काय द्यायचं, हे आधीच नोंदवण्याची सोय आहे आणि ती 2013पासून आहे. ॲपलने वारस संपर्क नेमण्याची सोय डिसेंबर 2021मध्ये दिली. बाहेरच्या बहुतेक नोट्स ॲप्समध्ये असं काही नसतं. विमा पॉलिसीचे क्रमांक, लॉकरची माहिती, कुणाकडून किती येणं आहे, हे ज्या ॲपमध्ये लिहिलं असेल त्याला अशी सोय नसेल, तर तेवढ्या नोंदींची एक छापील प्रत कपाटातल्या कागदपत्रांच्या फाइलीत लावावी आणि ती कुठे आहे हे घरात दोघांना सांगून ठेवावं.